नगराचा रहिवासी कोण? न्यू हेवनच्या ओळखपत्राचा धडा

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



संघराज्य पद्धतीचा अभ्यास करताना आपण केंद्र आणि राज्य यांच्यातील अधिकारांची वाटणी पाठ करतो. नगरपालिका मात्र आपल्या टिपणांत पाणीपुरवठा आणि घनकचरा यांच्यापुढे सहसा जात नाही. आज मी ज्या प्रसंगाविषयी बोलणार आहे, त्यात एका मध्यम आकाराच्या नगराने थेट स्थलांतराच्या प्रश्नाला हात घातला. हा विषय अमेरिकेत पूर्णतः केंद्राच्या अखत्यारीतील मानला जातो.

कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन हे तेव्हा सुमारे सव्वा लाख वस्तीचे नगर. येल विद्यापीठामुळे त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते. एल्म वृक्षांमुळे त्याला ‘एल्म सिटी’ म्हणतात. या नगरातील फेअर हेवन भागात मेक्सिको, ग्वाटेमाला, इक्वेडोर इत्यादी देशांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहतात. वैध कागदपत्रे नसलेल्या रहिवाशांची संख्या दहा ते पंधरा हजार असावी, असा तेव्हाचा अंदाज होता.

या लोकांची अडचण ऐकायला क्षुल्लक वाटेल. त्यांच्याजवळ मान्यताप्राप्त ओळखपत्र नव्हते. ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खाते नाही आणि खाते नाही म्हणून आठवड्याची मजुरी रोख रकमेने खिशात किंवा घरात. लुटारूंना हे लवकरच कळले. या कामगारांना ‘चालती-बोलती एटीएम’ म्हटले जाऊ लागले. लुटला गेलेला माणूस पोलिसांकडे जात नसे, कारण तक्रार नोंदवताना आपणच हद्दपार होऊ ही भीती. २००६ साली अशाच एका लुटीत एका स्थलांतरित कामगाराचा भोसकून खून झाला. गुन्हेगाराला मात्र याहून सोयीची व्यवस्था कोणती हवी? साक्षीदारच पुढे येणार नसेल, तर शेजारच्या गल्लीतील नागरिकही सुरक्षित राहत नाही. नगरप्रशासनाने हा प्रश्न दयेचा न मानता सार्वजनिक सुरक्षिततेचा मानला, हे ध्यानात घ्या. परीक्षेतील उत्तरांत हा भेद बहुधा निसटतो.

स्थानिक संघटना आणि येलच्या विधी विद्यालयातील मंडळी यांनी मागणी लावून धरली आणि महापौर जॉन डिस्टेफॅनो यांनी ती उचलली. डिसेंबर २००६ मध्ये पोलिसांसाठी आदेश निघाला, की तक्रारदाराला वा साक्षीदाराला त्याच्या स्थलांतरविषयक स्थितीबद्दल विचारू नये. ४ जून २००७ रोजी नगरमंडळाने ओळखपत्राची योजना २५ विरुद्ध १ मतांनी संमत केली आणि त्याच वर्षी २४ जुलैपासून ‘एल्म सिटी रहिवासी पत्र’ देण्यास आरंभ झाला. अशा स्वरूपाचे नागरी ओळखपत्र देणारे हे अमेरिकेतील पहिले नगर. प्रौढांसाठी शुल्क १० डॉलर, मुलांसाठी ५ डॉलर. अर्जदाराने आपण कोण आहोत आणि आपण याच नगरात राहतो, एवढ्या दोनच गोष्टी सिद्ध करायच्या. पहिल्यासाठी पारपत्र किंवा वकिलातीने दिलेले ओळखपत्र चाले, दुसऱ्यासाठी वीजबिलासारखा कागद. नागरिकत्वाचा रकाना अर्जात नव्हताच.

योजनेतील खरे शहाणपण मला एका साध्या निर्णयात दिसते. हे पत्र केवळ कागदपत्रहीनांसाठी काढले असते, तर ते जवळ असणे हीच ओळख उघड करणारी खूण ठरली असती. म्हणून ते प्रत्येक रहिवाशाला खुले ठेवले गेले आणि सर्वांना ते घ्यावेसे वाटावे म्हणून ग्रंथालय, उद्याने, वाहनतळाचे मीटर यांच्याशी जोडले गेले. दुकानांतील लहान रकमांच्या खरेदीचीही त्यात सोय होती. जन्माने अमेरिकी असलेला विद्यार्थी आणि कालच आलेला मजूर यांच्या खिशात एकच पत्र! पुढे न्यूयॉर्कने जानेवारी २०१५ मध्ये स्वतःचे नागरी ओळखपत्र सुरू केले, तेव्हा तीसहून अधिक संग्रहालये व सांस्कृतिक संस्थांचे एक वर्षाचे विनामूल्य सदस्यत्व त्यासोबत दिले. त्यामागील विचार हाच होता.

आता या पत्राने काय साधत नव्हते, तेही पाहू. त्याने देशात राहण्याचा हक्क मिळत नाही, काम करण्याचा परवाना मिळत नाही, मतदानाचा अधिकार मिळत नाही. केंद्रीय अधिकाऱ्यांना नगरात येण्यापासून ते रोखू शकत नाही. याचा प्रत्यय फार लवकर आला. योजना संमत झाल्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, ६ जून २००७ च्या पहाटे, केंद्रीय स्थलांतर अधिकाऱ्यांनी फेअर हेवन भागातील घरांवर छापे घालून तीसच्या आसपास लोकांना ताब्यात घेतले. हा सूड होता काय? अधिकाऱ्यांनी ते नाकारले, नगरातील अनेकांनी ते मानले नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१२ साली तडजोड होऊन ११ रहिवाशांना एकूण ३,५०,००० डॉलर भरपाई मिळाली.

मग नगराला केंद्राशी असहकार करण्याचा अधिकार येतो कोठून? येथे घटनाशास्त्राचा महत्त्वाचा मुद्दा आहे. अमेरिकी संविधानाच्या दहाव्या दुरुस्तीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या ‘प्रिंट्झ’ खटल्यात असे ठरवले, की केंद्र सरकार राज्यांच्या वा स्थानिक अधिकाऱ्यांना आपल्या कायद्याची अंमलबजावणी करण्यास भाग पाडू शकत नाही. गंमत अशी, की तो खटला बंदूक नियंत्रणाच्या कायद्याविषयी होता आणि निकाल लिहिला होता न्यायमूर्ती स्कालिया यांनी, म्हणजे पुराणमतवादी गोटातील अग्रणीने. त्याच तत्त्वाचा आसरा पुढे स्थलांतरितांना संरक्षण देणाऱ्या नगरांनी घेतला. तथापि, १९९६ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार, एखाद्याच्या स्थलांतरविषयक स्थितीची माहिती केंद्राला कळवण्यावर स्थानिक संस्थांना बंदी घालता येत नाही. त्यावर नगरांनी काढलेला मार्ग सरळ आहे: जी माहिती गोळाच केली नाही, ती पुरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्याकडची रचना वेगळी आहे. नागरिकत्व व परकीय व्यक्ती हे विषय संघसूचीत आहेत आणि बाराव्या अनुसूचीतील नगरपालिकांच्या कामांत असे ओळखपत्र बसत नाही. परंतु रहिवास आणि नागरिकत्व हा भेद आपल्याला अपरिचित नाही. सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक दिले गेले. तो क्रमांक रहिवाशाला मिळतो आणि तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार अधिनियमाच्या कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. अनुच्छेद २१ ‘व्यक्ती’ला संरक्षण देतो, ‘नागरिका’ला नव्हे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. या पत्रांचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे त्यांची नोंदवही. न्यू हेवनमध्ये विरोधकांनी माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली पत्रधारकांची नावे मागितली होती. न्यूयॉर्कने आरंभी अर्जदारांच्या कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवल्या. २०१६ च्या अखेरीस केंद्रातील सत्ताबदल निश्चित झाल्यावर त्या नष्ट करण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा दोन विधानसभा सदस्य न्यायालयात गेले. एप्रिल २०१७ मध्ये निकाल नगराच्या बाजूने लागला. तत्पूर्वीच नव्या अर्जदारांच्या कागदपत्रांच्या प्रती ठेवणे थांबले होते.

सर्व राज्ये एकाच दिशेने गेली असेही नाही. कनेक्टिकटने २०१५ पासून कागदपत्रहीनांना वाहन चालवण्याचा वेगळा परवाना देण्यास सुरुवात केली. फ्लोरिडाने मात्र २०२३ च्या कायद्याने अशा व्यक्तींच्या ओळखपत्रांसाठी स्थानिक संस्थांनी निधी देण्यास मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने असहकार करणाऱ्या नगरांचा निधी रोखण्याचे आदेश काढले. त्याविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोसह अनेक नगरे न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांना अंतरिम मनाईहुकूम मिळाला. वादींच्या त्या यादीत न्यू हेवनचेही नाव होते.