सही करण्याआधी

थोड्याच वेळात पदवीधर होणाऱ्या मुलामुलींनो,

अभिनंदन. ते मनापासून आहे. पण तुमच्या घरच्यांनी, मास्तरांनी आणि सकाळपासून व्हॉट्सॲपवरच्या यच्चयावत काका-मावश्यांनी ते केलेलंच आहे, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. मला वीस मिनिटं दिली आहेत. आमच्या धंद्यात पाहुण्याला वीस मिनिटं दिली की चाळीस धरून चालतात, हे आधीच सांगून ठेवतो.

मी साउंडवाला. स्टेजच्या समोर, प्रेक्षकांच्या मधोमध एका टेबलावर मिक्सर घेऊन बसतो तो माणूस. कार्यक्रम चांगला झाला तर आम्ही कुणाला दिसत नाही. माइकने एकदा शिट्टी मारली की हजार माना एकदम मागे वळतात. उभी हयात मी लोकांच्या रागावलेल्या चेहऱ्यांकडे पाहण्यात काढली आहे.

मी इथलाच. वडील खडकीला कारखान्यात, घर दिघी गावठाणात. तेव्हा इथे ग्रामपंचायत होती; महापालिकेत आपण 1997 साली आलो. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली की आपल्या दिघीवरूनच जाते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या रस्त्यावर बांबूला कर्णे बांधायचं काम मी शाळकरी असताना करायचो. कर्ण्याचा आवाज कसा, तर चिरका. पण पावसात, वाऱ्यात, टाळ-मृदंगाच्या गजरातसुद्धा हरवलेल्या म्हातारीचं नाव लांबवर स्पष्ट ऐकू जायचं. आता त्याच रस्त्यावर ट्रकभर स्पीकर लावतात. छातीत धडकी भरते, पण शब्द एक कळत नाही. एवढी वॅटेज खर्चून काय मिळवलं, हे तुमच्यापैकी इलेक्ट्रॉनिक्सच्या कुणीतरी मला कधीतरी समजावून सांगा.

मूळ मुद्द्याकडे येतो. मला प्राचार्यांनी सुचवलं की मुलांना 'टॅलेंट शो ते स्टार' या प्रवासाबद्दल सांगा, त्यांना आवडेल. आवडेलच. तुमच्यातले निम्मे लोक त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले असणार. सन 2008. 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. या दोघांनीच काही वर्षांपूर्वी 'ऐका दाजिबा'ने मराठी पॉप लग्नाच्या वरातींत नेऊन ठेवलं होतं. शेवटच्या फेरीत पाच मुलं उरली. लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, आणि आपल्या शेजारची, आळंदीची कार्तिकी गायकवाड. 2009 च्या फेब्रुवारीत कार्तिकी जिंकली. दिघीपासून आळंदी किती, तर सायकलवर घाम फुटायच्या आत पोहोचाल एवढी. त्या दिवसांत इकडच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. ज्यांनी जन्मात पूर्ण गौळण ऐकली नव्हती ते लोक मोबाइलवरून मतं पाठवत होते.

लोक मला विचारतात, एका रात्रीत एवढं कसं झालं? अहो, रात्र कुठली! कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक आणि संगीतकार. घरात अभंग, भजन, पेटी. आर्याची आई शास्त्रीय गायिका. टीव्हीने त्या मुलांना स्टेज दिलं, गळा घरातून आलेला होता. आणि त्यानंतरचं बघा. आर्या 'ती सध्या काय करते' या चित्रपटात नायिका म्हणून दिसली ती 2017 च्या जानेवारीत, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी. रोहितची गोष्ट तर मला सगळ्यांत जवळची वाटते. मुलग्याचा आवाज फुटतो तेव्हा काय होतं ते आम्ही साउंडवाले फार जवळून बघतो. काल काळी पाचला सहज जाणारं पोर आज त्याच जागेवर अडखळतं, घाबरतं, आणि बाप म्हणतो, 'पट्टी खाली आणायची नाही, लोकांना तीच सवय आहे.' मी असे कितीतरी गळे त्या दोन-तीन वर्षांत कायमचे बसलेले पाहिले आहेत. रोहित मात्र पुरुषाचा आवाज घेऊन परत आला. 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात, 2020 च्या फेब्रुवारीत, अंतिम फेरीत दुसरा आला. लातूरचं ते पोर आणि हा तरुण, मधे अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांचं प्रक्षेपण कुठल्याच वाहिनीवर झालं नाही. आणि 2021 मध्ये तेच पाच जण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. मला त्या दिवशी, खरं सांगतो, मिक्सरसमोर नसताना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता मला जे बोलायचंय ते.

एका शोच्या वेळची गोष्ट. कुठला, केव्हा ते सांगत नाही, कारण असे खूप होते. ग्रीनरूममध्ये मी कॉलर माइकची बॅटरी बदलत होतो. मराठवाड्यातून आलेले एक शेतकरी आणि त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी. एक चुणचुणीत तरुण फाइल घेऊन आला. 'काका, इथे, इथे आणि इथे.' जाडजूड इंग्रजी करार, पानापानाला सही. काकांनी विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, 'फॉर्मॅलिटी. सगळेच करतात.' काकांनी पेटीच्या खोक्यावर कागद ठेवले आणि सह्या केल्या. पाच मिनिटांत मुलीचं नाव पुकारलं गेलं. मुलगी झकास गायली.

पुढे काय झालं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मुलगी कॉलेजला गेली होती, मैत्रिणींनी तिच्या गाण्याचा एक व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. जे गाणं तिच्यासाठी बांधलं होतं, तेच. दोन दिवसांत तक्रार आली, व्हिडिओ काढून टाकला गेला. स्वतःच्याच गाण्यावर तिचा हक्क नव्हता. तिच्या वडिलांचा मला फोन आला, 'दादा, तुम्ही त्या खोलीत होतात ना? त्या कागदावर काय होतं?' मी काय सांगणार? मी बॅटरी बदलत होतो.

म्हणून, पोरांनो, आज मी एकच सांगायला आलोय. सही करण्याआधी वाचा. तुम्हाला हसू येतंय, पहिल्या रांगेतले दोघं हसतायत, हसा. पण वाचा.

आमच्या क्षेत्रात हा झगडा आजचा नाही. लता मंगेशकरांनी लहानपणी 'खजांची' या चित्रपटाच्या गाण्यांची स्पर्धा जिंकली होती, म्हणजे त्यांचीही सुरुवात एका अर्थी टॅलेंट शोनेच झाली. पुढे 1949 मध्ये 'महल' आला आणि त्यातल्या गाण्याने देश वेडा झाला. पण तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. चित्रपटातल्या पात्राचं! तेव्हा तीच रीत होती. रेडिओला पत्रं गेली, ही गाते कोण, तेव्हा नाव बाहेर आलं. 'फिल्मफेअर'मध्ये पार्श्वगायनाला वेगळं पारितोषिक नव्हतं, म्हणून बाईंनी त्यांच्या समारंभात गायला नकार दिला. ते पारितोषिक 1959 साली सुरू झालं आणि 'मधुमती'मधल्या गाण्यासाठी पहिलं त्यांनाच मिळालं. रॉयल्टीवरून तर रफीसाहेबांशी मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. लोक म्हणायचे, बाई भांडखोर. आज जे गायक त्यांच्या फोटोला हार घालतात, त्यांच्या खिशातले पैसे याच भांडणाने आणलेत. कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडून कायमचा लिहून घेता येणार नाही असं ठरलं, गायकांनाही व्यावसायिक वापरातला वाटा मान्य झाला. 'महल'पासून मोजा, 63 वर्षं.

आणि आम्ही? ध्वनिमुद्रकाचं नाव अजूनही कॅसेटच्या, आता ॲपच्या, कुठल्या कोपऱ्यात असतं ते शोधायला भिंग लागतं. माझ्या हातून निघालेल्या एका भक्तिगीतांच्या अल्बमवर ज्याच्या गाडीतून स्पीकर आले त्या टेम्पोमालकाचे आभार होते. माझं नाव नव्हतं. टेम्पोमालक भला माणूस, त्याचं मी काही म्हणत नाही.

जगाचं उदाहरण हवं असेल तर ब्रिटनी स्पीअर्सचं घ्या. अमेरिकेत 'स्टार सर्च' नावाच्या शोमध्ये ती दहाव्या वर्षी गायली, मग 'मिकी माउस क्लब', मग 1998 मध्ये पहिलं एकल गाणं आलं आणि सोळा वर्षांची पोर जगभर पोहोचली. भोसरीच्या कॅसेटच्या दुकानातसुद्धा तिचं पोस्टर होतं. 2008 मध्ये कोर्टाने तिच्या पैशाचा आणि आयुष्याचा कारभार पालक म्हणून वडिलांच्या हाती दिला. आपली मुलं टीव्हीवर गायला लागली तेच हे वर्ष. त्या काळात ती लास व्हेगासला कार्यक्रम करत होती, तिकिटं विकली जात होती. पण खर्च काय करायचा, वकील कोणता नेमायचा, हे ती स्वतः ठरवू शकत नव्हती. हे सुटलं 2021 च्या नोव्हेंबरात. तेरा वर्षं! गळा तिचा, सही दुसऱ्याची.

आपल्याकडे त्या मानाने कायदा बरा आहे, फक्त कुणी वाचत नाही. 2017 च्या नियमांप्रमाणे लहान मुलाला चित्रीकरणाला दिवसात पाच तासांहून जास्त राबवता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. मी हे ग्रीनरूममध्ये पालकांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांच्या मुलीचं नाव यादीतून कापतोय. भीती तीच असते: प्रश्न विचारला तर संधी जाईल. पंचवीस मुलं बाहेर रांगेत उभी आहेत, तुझ्याविना शो अडणार नाही. ही भीती ज्याला उभी करता येते, तो वाटेल त्यावर सही घेतो.

आता तुमच्याकडे वळतो, कारण तुम्ही गाणार नाही आहात, निदान पगारासाठी नाही. पुढच्या महिन्यात तुमच्यातले कित्येक जण चाकणला, तळवड्याला, मोशी-भोसरीच्या एमआयडीसीत रुजू व्हाल. एचआरमधली ताई हसून फाइल पुढे करेल. 'इथे, इथे आणि इथे.' तिच्यावर राग धरू नका, तिचीही कुणीतरी अशीच सही घेतली असेल. पण थांबा, बसा, चष्मा असेल तर लावा. त्यात बॉन्ड किती वर्षांचा आहे, सोडलं तर किती पैसे भरायचे, तुमची मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात जाणार आहेत, नोकरीत असताना तुम्ही काही नवं शोधलंत तर ते कुणाच्या नावावर लागणार, हे सगळं लिहिलेलं असतं. माझा भाचा वकील आहे. तो सांगतो की नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं त्याच धंद्यात पाऊल टाकायचं नाही, अशी अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. ब्रिटिशांच्या काळचा कायदा, तुम्हाला अजून उपयोगी पडेल. पण तो तुम्हाला शोधत घरी येणार नाही. आणि कळलं नाही तर विचारा. 'घरी नेऊन वाचतो, उद्या देतो' हे वाक्य आरशासमोर उभं राहून पाठ करा. मला वाटतं तुमच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात एवढं एक वाक्य नव्हतं. असेल तर प्राध्यापकांनी माफ करावं.

कुणी म्हणेल, हा म्हातारा पोरांना संशयी बनवतोय. नाही हो. ज्याने कागद वाचला त्याचा मालकावर विश्वास जास्त बसतो, हे मी पाहिलंय. एक निर्माता होता, पुण्यातला. तो स्वतः करार मराठीत वाचून दाखवायचा, मगच पेन द्यायचा. त्याच्याकडे आम्ही रात्री तीन-तीनपर्यंत काम केलं आणि कधी तासांचा हिशोब मागितला नाही. पैसे वेळेवर यायचे. बाकीच्यांचं पाकीट कार्यक्रमानंतर 'उद्या ऑफिसला या' म्हणून जे अडकायचं, ते गणपतीतलं दिवाळीला निघायचं, आणि फोडावं तर आत ठरल्यापेक्षा कमी. त्यावर 'मानधन' असं लिहिलेलं असायचं. मान कुठे होता ते मला अजून सापडलेलं नाही.

प्राचार्य घड्याळाकडे बघतायत. बघू देत, मी सांगून ठेवलं होतं.

जाता जाता एक. मी बोलतोय ते शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोहोचतंय, एकदाही शिट्टी वाजलेली नाही, हे ज्याच्यामुळे ते पोरगं तिथे मधोमध टेबलावर बसलंय. सकाळी सहाला आलंय. मघाशी मी त्याच्याशी बोललो. त्याला तुमच्या ऑफिसने सांगितलंय, बिल सोमवारी आणून द्या, मग बघू. प्राचार्यसाहेब, सोमवार कशाला? तुमचे कॅशियर तिसऱ्या रांगेत बसलेत.