डिटेक्टर गप्प राहिला म्हणून

पावसाळ्यात तारेवर झाड पडतं, गाव अंधारात जातं आणि घटकाभरात आपण विचारू लागतो, 'लाईट कधी येणार?' खांबाखाली उभ्या असलेल्या लाईनमनच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो. वरची अकरा हजार व्होल्टची तार खरंच मेली आहे का?

माझ्या नोकरीतली एक संध्याकाळ सांगतो. फिडर, म्हणजे सबस्टेशनहून येणारी मुख्य लाईन, चालू ठेवून फक्त एका फाट्याचा एबी स्विच, म्हणजे तो फाटा तोडणारा खांबावरचा स्विच, उघडला होता. दांडा पुरता खाली आला होता, त्याला कुलूपही घातलं होतं. अंधुक उजेडात खालून तिन्ही पाती उघडी वाटत होती. तारेत वीज असली की वाजणाऱ्या डिटेक्टरची काठी लाईनमनने पहिल्या फेजजवळ नेली, आवाज नाही. दुसऱ्या फेजलाही नाही. तिसऱ्या फेजजवळ नेताच तो ओरडला. एक पातं अडकून राहिलं होतं. दोन फेज तपासून तो वर चढला असता तर? आजही तो विचार आला की पोटात गोळा येतो.

दुसरा धोका रिटर्न सप्लायचा. एखाद्या दुकानदाराने बाहेरचा सप्लाय तोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर लावला, तर त्याचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन दहा हजारांच्या घरात पोचू शकतात. सबस्टेशनमध्ये फिडर बंद, आणि तार मात्र जिवंत!

आता डिटेक्टरविषयी थोडं सविस्तर बोलतो, कारण चूक इथेच होते. गप्प डिटेक्टरचे दोन अर्थ असतात: तारेत वीज नाही, किंवा डिटेक्टरचा सेल संपला आहे. म्हणून तो आधी चालू असलेल्या तारेवर वाजवून पाहायचा, मग कामाच्या तिन्ही फेजवर धरायचा आणि लगेच पुन्हा चालू तारेवर. ही शेवटची तपासणी घाईत टाळली जाते. पण तो मधल्या मिनिटात बिघडला असेल तर ते तिथेच कळतं. तो त्या व्होल्टेजसाठीच बनवलेला हवा. घरगुती टेस्टर इथे लावणं म्हणजे जीव देणं. आणि शिल्ड असलेल्या केबलवर बाहेरून धरलेला डिटेक्टर वीज असूनही गप्पच राहतो. तिथे तपासणी उघड्या टोकापाशीच करावी लागते.

त्यानंतर अर्थिंग. डिस्चार्ज रॉडची वायर आधी जमिनीतल्या अर्थला घट्ट जोडायची, मगच रॉड तारेला लावायचा. काढताना उलट क्रम. तारेत किंवा केबलमध्ये साठून राहिलेला चार्ज त्यातून निघून जातो. पुढे चुकून सप्लाय आलाच, तर तो माणसाऐवजी अर्थची वाट धरतो. कामाच्या दोन्ही बाजूंना हे हवं.

त्या संध्याकाळी आम्ही सबस्टेशनला फोन करून सगळा फिडर बंद करून घेतला. आणखी गावं अंधारात गेली, लोक फोनवर चिडले. डिटेक्टर तिन्ही फेजवर पुन्हा फिरवला, दोन्हीकडे अर्थिंग केलं, आणि मगच लाईनमन खांबावर चढला.