बिऱ्हाड कोठे करावे?



आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तरी तेरचा, म्हणजे प्राचीन तगराचा, माल इसवी सनाच्या पहिल्या शतकात गाड्यांतून भडोच बंदरी जात असे. आता आपली मुलेच बंदरावर कामाला जातात.

माझ्या धाकट्याला न्हावा-शेव्याला नोकरी लागली. १९८९ साली सुरू झालेले हे मोठे बंदर. बिऱ्हाड जवळ उरणला करावे, की खाडीपलीकडे रेवसकडच्या खेड्यात? मी म्हटले, "खेडेच बरे! नारळी-पोफळी, मोकळी हवा. उरणच्या वाटेवर रात्रंदिवस कंटेनरच्या गाड्या!"

सूनबाई हळूच म्हणाली, "आई, वादळवाऱ्यात रेवस-कारंजा लाँच थांबली, की हे पलीकडेच अडकणार. अशा रात्री मूल तापले, तर मी कोणाच्या दारात जाऊ?"

मी गप्प झाले. निवांतपणा मला चार दिवसांपुरता हवा होता. दिवस काढायचे होते तिला.

बिऱ्हाड उरणला झाले. धूळ आहे, आवाज आहे. पण धनी रात्री घरी येतो, दवाखाना हाकेवर आहे.

भगिनींनो, घर पाहताना हवा जरूर पाहावी. पण जिला ते चालवायचे, तिला आधी विचारावे.