एक मे आणि आपली माणसे



आज एक मे. 1960 साली याच तारखेला महाराष्ट्र झाला आणि 1999 साली याच तारखेला भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा निघाला. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर जिल्हा भंडाराच आहे. माझ्या आजीचे तर घर तेच, पण राज्य बदलत गेले: मध्यप्रांत, मध्यप्रदेश, 1956 ला मुंबई राज्य, मग महाराष्ट्र.

महाराष्ट्राच्या उद्योगांवर भाषणे होतात तेव्हा मुंबईच्या गिरण्यांवर येऊन थांबतात. आपल्याकडेही गिरण्या होत्या, आहेत, फक्त धानाच्या. उसना करायला धान भिजवायचे, वाफवायचे, अंगणात वाळवायचे, मग भरडायचे. आता यंत्रातला कॅमेरा पडता पडता काळा दाणा ओळखतो आणि हवेच्या फटक्याने बाजूला उडवतो. माझा धंदाच सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मला त्याचे कौतुक आहे. पण आई टीव्ही बघत, न मोजता पंचवीस विड्यांचा कट्टा बांधायची, त्यापुढे ते मला थोडेच वाटते.

विडी वाईट, हे मान्य. तंबाखूच्या धुळीने आईचा खोकला कधी गेला नाही. पण तेंदूची पाने भिजवून, पत्र्याच्या साच्यावर कापून, तंबाखू भरून, दोरा बांधूनच आपल्यापैकी किती घरांत चूल पेटली, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. सर, तुम्ही फीसाठी थांबायचात, तेव्हा आम्ही विडीच्या हिशेबाच्या दिवसाची वाट बघत असू.

1976 च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. पण ओळखपत्र हवे. आमच्या घरी तिघी विड्या वळत. आई, आजी आणि मावशी. नोंद एकीचीच. आजी आणि मावशी यांनी आयुष्यभर काम केले आणि कुठल्याच कागदावर त्या कामगार नाहीत. मालकांची नावे रस्त्यांना मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी शाळाही काढल्या.

या स्मरणिकेच्या संपादकांनी चार पाने द्यायचे कबूल केले आहे. गिरणीत पोती वाहणारे, रेल्वेत गँगवर असलेले, उन्हात तेंदूपत्ता तोडणारे, विड्या वळणाऱ्या, तुमच्या घरचे कोण होते त्यांचे नाव, गाव, काम आणि अंदाजे वर्षे लिहा. वय झालेली माणसे आहेत, घरी गेल्यावर त्यांनाच विचारा. वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. पहिली दोन नावे मी लिहिली आहेत.