भुशाचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो आणि पोटासाठी एका माध्यमिक शाळेत लिपिकाचं काम करतो. पदवी कला शाखेची, बी. ए. तेव्हा शाळेतल्या तंत्रशिक्षणावर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर मी दोनच गोष्टी पुढे करीन. एक म्हणजे माझे अब्बा पिंजारी होते. दुसरी म्हणजे आमच्या घरात पत्र्याचं एक नरसाळं आहे. मी नववीत असताना शाळेच्या कार्यशाळेत ते केलं होतं.

ते साल १९८३. आमच्या शाळेत तांत्रिक विषय होता. आठवड्यातून काही तास आम्ही कार्यशाळेत जायचो. कानस, रंधा, पटाशी, पत्रा कापायची कात्री आणि भिंतीलगतच्या लांब टेबलावर ओळीनं बसवलेले शेगडे. माझा शेगडा सात नंबरचा. नरसाळं करायचं म्हणजे आधी कागदावर शंकूचा उलगडा काढायचा, तो पत्र्यावर उतरवायचा, कापायचा, वळवायचा आणि सांध्याला डाग द्यायचा. माझं पहिलं नरसाळं गळलं. सरांनी त्यात पाणी ओतलं, थेंब पडताना मला दाखवला आणि एवढंच म्हणाले, "पुन्हा कर." दुसरं गळलं नाही. अम्मीनं पुढे कित्येक वर्षं त्यातून रेशनचं रॉकेल ओतलं. गणिताच्या वहीत चूक झाली की लाल रेघ येते, आणि ती रेघ गुरुजींची असते. पत्र्यावरची चूक दाखवायला गुरुजी लागत नाहीत. थेंब खाली पडतो आणि ती आपली आपल्याला दिसते.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. पुढे मी त्याच शाळेत नोकरीला लागलो. २००६ मध्ये कार्यशाळेचे निदेशक निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. खोलीला कुलूप लागलं. मग तिथे तांदळाची पोती आली, मोडकी बाकं आली. २००९ मध्ये ठरलं की खोली रिकामी करायची. शाळेत कुठलीही वस्तू काढून टाकायची तर तिचं रीतसर निर्लेखन करावं लागतं. यादी करायची, किंमत लिहायची, शेरा लिहायचा. ती यादी माझ्या हस्ताक्षरात आहे. 'शेगडा, लोखंडी, नग बारा, निरुपयोगी.' ते निरुपयोगी नव्हते. शेरा मी लिहिला, कारण तसा लिहिल्याशिवाय ते भंगारात देता येत नव्हते. भंगारवाल्यानं किलोवर मोजून नेले. सात नंबरचाही त्यात गेला. मी काही बोललो नाही. एक लिपिक काय बोलणार, असं तेव्हा मनाला समजावलं.

त्यानंतर दर जूनमध्ये माझ्या टेबलावर सुताराचं बिल येतं. बाकांचे पाय, फळ्याची चौकट, खिडकीची झडप. पूर्वी हे काम नववी-दहावीची मुलं करत. आता मुलं मोडक्या बाकावर बसतात आणि बिल मी मंजुरीला ठेवतो. कार्यशाळा चालवायला पैसा नव्हता, असं आपण म्हणतो. बंद कार्यशाळेचाही खर्च असतो. फक्त तो त्या नावाखाली लिहिला जात नाही.

श्रोतेहो, हातानं शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली आणि तिचा अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हीच पुढे नयी तालीम झाली. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेनं आपला खर्च शक्यतो भागवावा, असं गांधीजींना वाटत होतं. त्यावर तेव्हाच वाद झाला. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमावर टाकला तर शाळेचा कारखाना होईल, ही भीती रास्त होती. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. त्या कार्यानुभवाचं आपण काय केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कागदाची फुलं आणि बाजारातून विकत आणून गुणांसाठी जमा केलेली झुंबरं!

हाताच्या शिक्षणाला आणखी एक आक्षेप आहे आणि तो मी घरातच ऐकला आहे. मी तांत्रिक विषय घेतला तेव्हा अब्बा रागावले होते. "मी जन्मभर कापूस पिंजला तो तुझ्या हातात कानस द्यायला?" हा राग समजून घ्यायला हवा. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारनं अशी योजना आणली की प्राथमिक शाळेतल्या मुलानं अर्धा वेळ शाळेत शिकावं आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा. लोकांनी विचारलं, म्हणजे कुंभाराच्या पोरानं कुंभारच राहायचं का? विरोध एवढा झाला की १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि योजनाही गुंडाळली गेली. आपल्याकडे हाताला जात चिकटलेली आहे. म्हणून हाताचं शिक्षण द्यायचं तर ते सगळ्यांना द्यायला हवं. डॉक्टरच्या मुलानं कानस धरायला हवी, मुलींनी वेल्डिंग करायला हवं आणि मुलांनी भाकरी थापायला हवी. फक्त 'अभ्यासात कच्च्या' मुलांना कार्यशाळेत पाठवलं तर ती जुनीच उतरंड नव्या रंगात आणल्यासारखं होईल.

हे जमतं का? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. पाऊस कमी. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून मूलभूत तंत्रज्ञान ओळखीचा शालेय अभ्यासक्रम उभा राहिला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. मुलगा-मुलगी असा भेद नाही, चारही भाग सगळ्यांना. हळूहळू हा अभ्यासक्रम इतर गावांतल्या शाळांतही गेला. कलबाग २००३ मध्ये गेले. त्याआधी, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्यानं पाबळला फॅबलॅब उभी राहिली. त्या संस्थेबाहेरच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅबलॅबपैकी ती एक.

पण मला, एका लिपिकाला, पाबळच्या पद्धतीतल्या दोन साध्या गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे शिकवायला गावातलेच कारागीर. ज्याला वेल्डिंग येतं त्यानं वेल्डिंग शिकवावं. दुसरी म्हणजे मुलांनी खोटी कामं करायची नाहीत, गावाला लागणारी कामं करायची. कुणाचं फाटक, कुणाच्या घरातली वायरिंग, शाळेचंच बाक. ज्याचं काम त्यानं सामानाचा खर्च द्यायचा. मुलांच्या श्रमावर शाळा चालत नाही, पण लोखंडाचे पैसे निघतात आणि केलेलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतं. वर्ध्याच्या वादाला हे बरंचसं उत्तर आहे, असं मला वाटतं.

आता पैशाकडे येतो. आमच्या अनुदानित शाळांत शिक्षकांचा पगार शासन देतं. बाकी खर्चासाठी वेतनेतर अनुदान असतं. ते तुटपुंजं आणि येईल तेव्हा येणारं. त्यात वीजबिल, खडू, कागद आणि मग उरलं तर बाकीचं. अधूनमधून एखादी योजना येते आणि यंत्र येतं. यंत्र आलं की मी ते जडसंग्रह नोंदवहीत चढवतो. आणि गंमत इथेच सुरू होते. नोंदवहीत चढलेली वस्तू तपासणीच्या वेळी जशीच्या तशी दिसली पाहिजे. हरवली, मोडली तर भरून कोण देणार? म्हणून ती कपाटात जाते. एका ओळखीच्या शाळेत मी नव्या साहित्याचं कपाट पाहिलं. खोक्यांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता. शिक्षक दोषी नव्हते. वस्तू न वापरणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. वापरताना मोडली तर मात्र विचारतात.

हाताचं शिक्षण हे वस्तू संपवण्याचं शिक्षण आहे. लाकूड शिकवतं तेव्हा त्याचा भुसा होतो. पत्रा शिकवतो तेव्हा त्याचे तुकडे पडतात. डाग द्यायची कथील वितळून जाते. वर्षाअखेर कार्यशाळेत भुसा निघाला नसेल तर तिथे कुणी काही शिकलं नाही. आणि आपली अनुदानं यंत्राला मिळतात, भुशाला मिळत नाहीत.

अलीकडे थोडं वेगळं दिसू लागलं आहे, तेही सांगितलं पाहिजे. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपये. त्यातले १० लाख उभारणीला आणि १० लाख पुढच्या पाच वर्षांपर्यंत चालवण्याला. चालवण्याचा खर्च वेगळा धरला, हे शहाणपण आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. २०२० च्या शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला पाठवण्याचं सुचवलं आहे. माझी विनंती एवढीच की सहावं वर्ष उजाडेल तेव्हाचा विचार आजच व्हावा. तेव्हाही तार लागेल, कथील लागेल आणि शिकवणारा माणूस लागेल. त्या सुताराला, त्या कुंभाराला शाळेनं तासाचं मानधन द्यावं आणि 'सर' म्हणावं. पाहुणा म्हणून हार घालून वाटेला लावू नये.

अब्बांचा राग पुढे कसा गेला, ते सांगून थांबतो. मी नरसाळं घेऊन घरी आलो. त्यांनी ते हातात घेतलं, सांध्यावरून अंगठा फिरवला. पिंजणाच्या तातीच्या आवाजावरून कापूस दमट आहे की कोरडा, हे सांगणारा तो माणूस. म्हणाले, "डाग बरा बसलाय." माझ्या पहिल्या कवितासंग्रहावरही त्यांनी असाच हात फिरवला होता, पण त्यावर ते काही बोलले नाहीत. नरसाळ्यातलं बरं-वाईट त्यांना कळत होतं. बापाला आणि मुलाला समान कळणारी एक भाषा त्या दिवशी शाळेनं आम्हाला दिली.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा निकालाची टक्केवारी जरूर विचारा. त्याबरोबर एवढंही विचारा, की यंदा तुमच्या शाळेत लाकूड किती लागलं, तार किती लागली, भुसा किती निघाला? पालक विचारू लागले की नोंदवहीत त्याचा रकाना येतो. तीस वर्षांच्या नोकरीचा हा माझा अनुभव आहे. तो रकाना २००९ मध्ये असता तर 'निरुपयोगी' हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला असता.