दोन घरांचे चित्र

(शीव येथे पालक-विद्यार्थी सभेत केलेले भाषण)



तलाक किंवा खुला झाला की मेहर, इद्दत, खर्च यांची चर्चा दहा माणसे बसून करतात. मुलाला कुणी काही विचारीत नाही. विचारलेच तर असे, "तुला अम्मी हवी की अब्बा?" सहा-सात वर्षांच्या जिवाने याचे काय उत्तर द्यावे? एकाचे नाव घेतले तर दुसरा दुखावेल, एवढे त्याला कळते. म्हणून ते गप्प बसते. मग शाळेत मारामारी करते, अंथरूण ओले करते, रोज सकाळी पोट दुखते म्हणते. घरचे मात्र समजतात की मूल सगळे विसरले.

अशा मुलाच्या हाती कागद व रंगीत खडू द्यावेत, हे सांगण्यासाठी मी उभा आहे. मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी बालमार्गदर्शन केंद्र मुंबईत १९३७ सालीच निघाले, तेव्हा हा विषय आपल्या शहराला नवा नाही. इंग्लंडातील डॉक्टर डोनाल्ड विनिकॉट हे मुलाशी बोलण्याआधी कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढीत आणि मुलाला ती पुरी करायला सांगत. मग मूल रेघ ओढी आणि डॉक्टर ती पुरी करीत. परीक्षा नाही, गुण नाहीत. हात कामात असला की तोंड आपोआप उघडते.

काही घरांत सजीवांची चित्रे काढू देत नाहीत. त्यांनी अडून राहण्याचे कारण नाही. माणूस काढलाच पाहिजे असे थोडेच आहे? घराचा नकाशा काढू द्या. मोरी कुठे, पोटमाळा कुठे, कोणाची चटई कुठे. एका मुलाने अशा दोन खोल्या काढल्या. दोन्हींत पंखा, भांडी, चपला, सारे होते. स्वतःचे दप्तर मात्र त्याने बाहेर रस्त्यावर काढले. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारले, "दप्तर कुठे निघाले?" तो म्हणाला, "आज कुठे झोपायचे ते कुणी सांगितले नाही." मोठ्यांच्या भांडणात एवढी साधी गोष्ट राहून गेली होती! मग कॅलेंडरवर नानीकडचे दिवस हिरवे आणि अब्बांकडचे निळे रंगवले. दुःख गेले नाही, पण रोजची धास्ती कमी झाली.

आपल्या या जागेचे नाव शीव, म्हणजे हद्द. मुंबई बेट येथे संपे व पलीकडे साष्टी सुरू होई. दोन घरांचे मूलही असेच हद्दीवर उभे असते.

आता एक गोष्ट कठोरपणे सांगतो. मुलाचे चित्र हा पुरावा नव्हे. काळा रंग दिसला की दुःख, मोठे हात दिसले की मारहाण, असले अर्थ घरबसल्या लावू नका. कदाचित बाकीचे खडू संपले असतील! काही पालक चित्र उचलून थेट वकिलाकडे धावतात. मूल जाणते असेल तर त्याची इच्छा विचारात घेण्याची मुभा १८९० च्या पालकत्व कायद्याने न्यायालयाला दिली आहे. ते काम न्यायाधीशांचे. आपले चित्र भांडणात वापरले गेले, हे एकदा कळले की ते मूल पुन्हा खडू हातात घेत नाही. मात्र मुलाने मारहाणीची किंवा वाईट स्पर्शाची गोष्ट स्वतः सांगितली तर ती दडपू नका. १०९८ या क्रमांकावर फोन करा.

चित्र पाहून "हे काय काढलेस?" असे दरडावू नका. "याच्याबद्दल सांग ना," एवढे म्हणा आणि थांबा. सांगितले नाही तरी चालेल. महिना-दोन महिने झोप, जेवण, अभ्यास बिघडलेलाच राहिला तर येथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे; तेथे केसपेपर काढण्यात कमीपणा नाही. जमल्यास आई-बाप दोघांनी जावे, वेगवेगळ्या दिवशी गेले तरी हरकत नाही.

खर्चाचे म्हणाल तर जुन्या कॅलेंडरची पाठ आणि खडूंची एक लहान पेटी पुरते. चित्र मुलापाशीच राहू द्या. त्याने ते फाडले, तर फाडू द्या.