आधी क्लच, मग रेस



आपल्या जाफराबाद तालुक्यात कार शिकायला बसणाऱ्या बऱ्याच जणांची क्लचशी ओळख आधीच झालेली असते, ती ट्रॅक्टरवर. ही ओळख उपयोगी पडते, पण थोडी आडही येते. नांगरटीला ट्रॅक्टरचा गिअर उभ्या उभ्या टाकायचा, रेस हाताने ठेवायची आणि क्लच सोडला की अख्खं तास त्याच गिअरमध्ये काढायचं. ट्रॅक्टरचं इंजिन दांडगं आणि खालचे गिअर फार संथ, त्यामुळे क्लच थोडा चटकन सुटला तरी ते पेलून नेतं. कार पेलत नाही. ती हिसका देते आणि बंद पडते. शिवाय कारमध्ये गिअर चालता चालता बदलायचे असतात.

बंद का पडते, हे एकदा समजलं की भीती निम्मी होते. इंजिन नुसतं उभ्या गाडीत सुरू असलं तरी मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असतं. त्याहून फार खाली गेलं तर ते चालूच शकत नाही. चाकं मात्र पूर्ण थांबलेली. या दोघांची गाठ घालून देते क्लचप्लेट. पेडल दाबलं की प्लेट सुटी होते, सोडत आणलं की ती फ्लायव्हीलवर घासत घासत हळूहळू धरते. त्या मधल्या अवस्थेला आपण हाफ क्लच म्हणतो. तिथे इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडीचं नाक किंचित उचलतं. ती जागा डोळ्यांनी दिसत नाही. ती पायाला आणि कानालाच सापडावी लागते.

म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवातीला रेसला पाय लावूच नका. सपाट, मोकळं मैदान बघा. पहिला गिअर टाका आणि क्लच इतका सावकाश सोडा की गाडी आपणहून चालू लागेल. सपाटीवर ती चालते, डिझेल गाडी तर सहज चालते. मग क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. पुन्हा तेच. पायाला जागा कळली, की मग रेस. पण ती जागा कळल्यावर पाय तिथे ठेवून गाडी हाकू नका. प्लेट घासत राहते, तापते आणि जळक्या वासाने गाडी भरून जाते.

केळणा आणि धामणा काठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात आणखी एक गोष्ट कळते. चिखलात पहिल्या गिअरमध्ये रेस वाढवली की चाक जागच्या जागी फिरून रुतत जातं. अशा वेळी दुसरा गिअर टाकून, थोड्या रेसवर, हलक्या पायाने गाडी काढावी.

चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुढे काढणं, ही खरी परीक्षा. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लायसनच्या चाचणीसाठी हे कौशल्य स्पष्ट लिहिलेलं आहे. हँडब्रेक ओढलेला ठेवा, थोडी रेस द्या, क्लच सोडत आणा. नाक उचललं, की मगच हँडब्रेक सोडा. उताराचंही तसंच. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना डिझेल वाचवायला म्हणून न्यूट्रल करणारे अजून भेटतात. कृपा करून तसं करू नका. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरतं; न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. आणि बचत तरी कुठे? आजकालच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून रेसवरून पाय काढला, की इंजिनचं इंधन उतारावर बहुतेक वेळ बंदच असतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते जळतच राहतं.

वर सांगितलेल्या मोटार वाहन नियमांतच ड्रायव्हिंग स्कूलसाठी किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष १० तास गाडी चालवण्याचा अभ्यासक्रम सांगितला आहे. घरच्या माणसाकडून शिकताना एवढा धीर क्वचितच मिळतो. विशेषतः बायकांना. रात्री कुणाला जालन्याला दवाखान्यात न्यायची वेळ येते, दारात गाडी उभी असते आणि चालवणारा शेतावर पाण्याच्या पाळीला गेलेला असतो. म्हणून घरातल्या प्रत्येक सज्ञान बाईने गाडी शिकावी, असं मला मनापासून वाटतं. १९४८पासून धावणाऱ्या एसटीच्या स्टेअरिंगवरही आता महिला चालक बसू लागल्या आहेत.

शिकवणाऱ्या भावाला, नवऱ्याला एकच विनंती. गिअर टाकताना करकर आवाज झाला, की ओरडण्याआधी सीट बघा. ती बहुधा तुमच्या उंचीला लावलेली असते. तिचा पाय क्लचच्या तळापर्यंत पोहोचत नाही, प्लेट पूर्ण सुटत नाही, म्हणून गिअर कुरकुरतो. सीट पुढे सरकवा. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठीला टेकण कमी पडत असेल तर मागे उशी द्या. मग गाडी पुन्हा सुरू करायला सांगा आणि पहिला गिअर पडेपर्यंत काही बोलू नका.